अध्यक्षीय पद्धत आणायची का? घटनेत नक्की काय बदलायला हवं?

तलावपाळी

१५ जानेवारी २०२६ ला बाबांना घेऊन महापालिकेच्या मतदानाला गेले होते. वय ७९, गुडघे दुखतात पण मत चुकवायचं नाही. या वेळी चार जणांचा प्रभाग म्हणजे चार मतं द्यायची. बाबांनी दोन बटणं दाबली आणि निघाले बाहेर, आतल्या मॅडमनी हात धरून परत नेलं, आजोबा अजून दोन राहिलीत. येताना रिक्षात गप्प होते आणि मग एकदम म्हणाले, चार माणसं निवडून दिली पण महापौर कोण होणार ते मला विचारलं का कोणी, आणि झाला तरी कारभार आयुक्तच बघणार ना.

त्या दिवसापासून डोक्यात हेच चाललंय. २०१९ ला आपण विधानसभा निवडली, त्या एकाच विधानसभेच्या पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री झाले, त्यातले एक तर काही दिवसांपुरते. कोण बरोबर कोण चूक यात मला पडायचंच नाही, सगळ्या पक्षांनी आपापल्या वेळी तेच केलंय. माझा मुद्दा एवढाच की मी मत देते तेव्हा राज्य कोण चालवणार हे मला माहीत नसतं. मग अमेरिकेसारखं सरळ का नको? एक माणूस निवडा, चार पाच वर्षं त्याला काम करू द्या, आमदार फोडून सरकार पाडायची सोयच ठेवू नका. हा विचार काही नवा नाही, आपल्याकडचे वसंत साठे १९८० च्या दशकात अध्यक्षीय पद्धतीचा आग्रह धरायचे आणि घटना समितीतही के. टी. शहांनी त्याच दिशेच्या दुरुस्त्या सुचवल्या होत्या. मला मनापासून वाटतं की आता घटना दुरुस्त करून हे आणायची वेळ आलीय. तुम्हाला काय वाटतं, शिव्या न देता लिहा प्लीज.

खारघर३५

ताई, मी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे त्यामुळे आधी प्रक्रियेचं सांगतो. घटनादुरुस्ती कलम ३६८ ने होते, दोन्ही सभागृहांत वेगवेगळं बहुमत लागतं, एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश. राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र राज्य अधिकारांची वाटणी, सुप्रीम कोर्ट हायकोर्ट, संसदेत राज्यांचं प्रतिनिधित्व आणि खुद्द ३६८, यांना हात लावायचा तर निम्म्या राज्यांच्या विधानसभांची पण मंजुरी लागते. राष्ट्रपती थेट निवडायचे म्हटलं की ती अट लागू झालीच.

आणि एवढं सगळं जमलं तरी पुढे सुप्रीम कोर्टाचा केशवानंद भारती निकाल आहे. २४ एप्रिल १९७३, १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६. संसद घटनेत दुरुस्ती करू शकते पण मूलभूत चौकट मोडू शकत नाही. संसदीय पद्धत त्या चौकटीत येते की नाही यावर वर्षानुवर्षं केस चालेल. म्हणून अध्यक्षीय पद्धत आणायची हे बोलायला सोपं आहे, पण ती दुरुस्ती म्हणायची की नवीन घटना हाच पहिला प्रश्न आहे.

जुना_टेबलवाला

मी मंत्रालयात ३१ वर्षं काढली, कक्ष अधिकारी म्हणून रिटायर झालो, आता नेरुळला असतो. तुमच्या वडिलांचा त्रागा मला पटतो पण औषध पटत नाही, का ते जरा सविस्तर लिहितो.

अधिवेशन लागलं की आमच्या कक्षात काय व्हायचं ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचं असतं तो, आला की जिल्ह्याला फोन, माहिती मागव, उत्तराचा मसुदा कर, उपसचिव, सचिव, मग मंत्र्यांची सही. आणि नुसतं उत्तर देऊन भागत नाही, सभागृहात वरून काय काय विचारतील त्याची पूरक टिपणी वेगळी करायची, ती कधी कधी उत्तराच्या पाचपट जाड. हिवाळी अधिवेशनाला तर फायली ट्रंकांत भरून नागपूरला जायच्या आणि आम्ही मागोमाग. एकदा एका गावाच्या नळ योजनेवर विरोधी पक्षाच्या आमदाराचा प्रश्न आला. जिल्ह्याकडून लेखी आलेलं, योजना पूर्ण. आमचे साहेब जुन्या वळणाचे, म्हणाले की आमदार उभा राहून विचारेल नळाला पाणी येतं का, त्याचं उत्तर कुठाय? रात्री अकराला तिथल्या इंजिनिअरला घरून उठवून विचारलं तेव्हा कळलं टाकी झाली, पाइप झाले, विजेचं कनेक्शनच नाही. सकाळी मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून तसं सांगितलं आणि तारीख दिली. कनेक्शन त्या महिन्यात लागलं.

ही ताकद कशात आहे तर मंत्र्याला त्या सभागृहात बसावं लागतं आणि तिथल्या बहुमतावर त्याची खुर्ची आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि त्याचे मंत्री काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, सभासद नसतात, त्यांना असं रोज उभं राहून उत्तर द्यावं लागत नाही, चौकशी समित्या बोलावतात ते वेगळं. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना नेमकं हेच समजावून सांगितलं होतं. स्थैर्य आणि जबाबदारी दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही, अमेरिकन पद्धत स्थैर्य जास्त देते, आपली जबाबदारी जास्त देते, आणि मसुद्याने जाणूनबुजून जबाबदारीला झुकतं माप दिलं. तिकडे हिशोब ठरावीक मुदतीने होतो, इकडे मुदतीनेही होतो आणि रोजही होतो, प्रश्न, ठराव, अविश्वास, स्थगन प्रस्ताव यांतून. तेव्हा साठे साहेबांचा मुद्दा नवा नव्हता आणि आजचाही नाही, त्यावर विचार करून निर्णय झालेला आहे एवढंच म्हणणं.

गंधाली_शिक्षिका

टेबलवाले काका, फार छान लिहिलंत. नळाचा किस्सा घरात वाचून दाखवला.

घणसोली_सातारा

थेट निवडणुकीचा अनुभव आम्ही गावात घेतलाय म्हणून लिहितो. वडील मार्केटला माथाडी होते, आम्ही घणसोलीत, पण गाव सातारा जिल्ह्यात आणि मतदान अजून तिकडंच ठेवलंय. २०१७ ला सरकारनं सरपंच थेट जनतेतनं केला, २०२० ला दुसरं सरकार आलं त्यांनी परत सदस्यांतनं केला, २०२२ ला तिसरं आलं त्यांनी परत थेट. नगराध्यक्षाचं पण तसंच. म्हणजे प्रत्येकानं आपल्याला सोयीचं बघितलं, गावाला कुणी विचारलं नाही.

आमच्या गावात थेटमधून जो सरपंच झाला तो माणूस चांगला, शिकलेला. पण नऊ सदस्यांत सहा दुसऱ्या पॅनेलचे. झालं, मासिक सभेला गणपूर्ती नाही, सभा तहकूब. वित्त आयोगाचे पैसे खात्यात पडून आणि स्मशानभूमीच्या शेडचा ठराव तीन वेळा मागं. सरपंच म्हणतो मला गावानं निवडलंय, सदस्य म्हणतात आम्हाला पण गावानंच निवडलंय, आणि दोघंही खरं बोलतायत की! अविश्वास आणावा तर तीन चतुर्थांश सदस्य पाहिजेत आणि त्यावर परत ग्रामसभेची मंजुरी. आजीच्या दहाव्याला गेलो तेव्हा पाऊस होता, मेणकापड धरून उभं राहिलो आम्ही सगळे, शेडचे चार खांब तेवढे उभे.

ताई, हेच दिल्लीला झालं तर काय? राष्ट्रपती एका पक्षाचा, लोकसभा दुसऱ्याची, बजेट अडलं, देशाच्या शेडचे पण खांबच राहतील.

तलावपाळी

घणसोली, वाचून वाईट वाटलं. हा मुद्दा मी धरलाच नव्हता, खरं सांगते. पण मग फोडाफोडीचं काय करायचं? टेबलवाले काका म्हणतात रोजचा हिशोब, अहो पण तो हिशोब विचारणारा आमदार आज इकडे उद्या तिकडे, तर कसला हिशोब. पक्षांतरबंदीचा कायदा आहे ना आपल्याकडे, मग हे होतंच कसं?

खारघर३५

आहे, १९८५ ची ५२ वी दुरुस्ती, त्यातून दहावी अनुसूची आली. त्यात एक तृतीयांश फुटले तर फूट मानून सूट होती, ती २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने काढली, आता फक्त दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची पळवाट उरलीय. पण दोन मोठी दुखणी तशीच आहेत. पहिलं, अपात्र कोण हे ठरवणार सभागृहाचा अध्यक्ष, जो स्वतः एका पक्षाचा, आणि निर्णयाला घटनेत मुदत लिहिलेली नाही. आपल्या राज्याच्या शिवसेना फुटीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ११ मे २०२३ ला निकाल दिला तेव्हाही अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनीच वाजवी वेळेत घ्यावा असं सांगितलं, वाजवी म्हणजे किती दिवस ते नाही. दुसरं म्हणजे व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, प्रत्येक मतदानाला लागू शकतो, त्यामुळे आमदार खासदार साध्या बिलावरही स्वतःच्या बुद्धीने मत देऊ शकत नाही. म्हणजे फुटायचं ते फुटतातच आणि प्रामाणिक असतात त्यांचं तोंड बंद.

ताईंना जे स्थैर्य हवंय ते संसदीय पद्धतीत राहूनही मिळतं. जर्मनीत त्यांच्या घटनेचं कलम ६७ असं आहे की नुसतं चॅन्सेलर, म्हणजे तिथला सरकारप्रमुख, नको असा ठराव आणताच येत नाही, त्याच ठरावात पुढचा कोण ते निवडावं लागतं. हे यशस्वी झालं फक्त एकदा, १९८२ साली, श्मिट गेले आणि कोल आले. १९७२ ला प्रयत्न झाला होता तो फसला. म्हणजे पाडापाडी करायची तर आधी पर्याय उभा करा. अशी दुरुस्ती आपल्याकडे आली तर मी दोन्ही हातांनी पाठिंबा देईन.

आणि पंतप्रधान थेट निवडायचा प्रयोग इस्रायलने करून पाहिलाय, १९९६, १९९९ आणि २००१ ला. वाटलं होतं लहान पक्षांची दादागिरी कमी होईल, झालं उलटं. लोकांनी एक मत पंतप्रधानाला दिलं आणि दुसरं मोकळ्या मनाने आपल्या लहान पक्षाला. १२० च्या सभागृहात १९९२ ला दोन मोठ्या पक्षांच्या मिळून ७६ जागा होत्या त्या १९९९ ला ४५ वर आल्या. २००१ मध्ये त्यांनी कायदाच बदलून जुनी पद्धत परत आणली. आपल्याकडचे प्रादेशिक पक्ष डोळ्यासमोर आणा म्हणजे कळेल इथे काय होईल.

घोडबंदर_रोड

श्रीलंकेचं पण बघा ना. माझ्या टीममधला एक जण कोलंबोचा, २०२२ मध्ये रोज कॉलवर दिसायचा तो गाडीत बसलेला, पेट्रोलच्या लाइनीत, लॅपटॉप स्टिअरिंगला टेकवून. त्यांच्याकडे १९७८ ला जयवर्धनेंनी अशीच मजबूत अध्यक्षीय पद्धत आणली, कारण काय तर स्थैर्य आणि झपाट्याने विकास. त्यानंतर ती रद्द करू असं सांगत किती जण निवडून आले आणि खुर्चीवर बसल्यावर कोणालाच घाई राहिली नाही. २०१५ ला १९ व्या दुरुस्तीने अधिकार कमी केले, २०२० ला २० व्या दुरुस्तीने परत वाढवले, २०२२ ला लोक रस्त्यावर आले, अध्यक्ष देश सोडून गेले, मग २१ वी आली आणि पुन्हा थोडे कमी. तो म्हणतो की अधिकार एका माणसाच्या हातात द्यायला एक मतदान पुरतं, काढून घ्यायला आमची पिढी गेली. हे मला रात्री झोपताना पण आठवतं.

ऐरोली_से५

धागा दोन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो. तुम्ही सगळे चांगल्या मनाने बोलताय हे दिसतंय पण घटना बदला हे शब्द आमच्या घरात कसे ऐकू येतात ते सांगितलं पाहिजे. माझी आई चौथी शिकलेली, घरकाम करून आम्हाला वाढवलं. उद्देशिका तिची पाठ आहे, आम्ही भारताचे लोक पासून स्वतःप्रत अर्पण करत आहोत पर्यंत, एक शब्द चुकत नाही. २०२४ च्या लोकसभेला घटना बदलणार अशी चर्चा सुरू झाली तेव्हा तिने मला एकच विचारलं, बाळा तुझी नोकरी राहील ना. मी राखीव जागेतून लागलोय. तिला अध्यक्षीय आणि संसदीय यातला फरक माहीत नाही, पण एवढं माहीत आहे की त्या पुस्तकाला हात लागला तर पहिला हात कोणाच्या ताटाकडे जातो.

म्हणून माझी विनंती आहे, बदल आणि दुरुस्ती हे शब्द सांभाळून वापरा. दुरुस्तीला माझा विरोध नाही. बाबासाहेबांनीच ३६८ ठेवलंय, शंभरावर दुरुस्त्या झाल्यात आणि त्यातल्या काहींनी आमचं भलं झालंय. पंचायती आणि महापालिकांसाठीची ७३ वी आणि ७४ वी आली म्हणून माझी मावशी महिला राखीव जागेवर ग्रामपंचायतीत बसली, पहिल्यांदा खुर्चीवर बसली तेव्हा पदर सावरत सावरत. पण १९७६ ची ४२ वी पण दुरुस्तीच होती, आणीबाणीत, विरोधक तुरुंगात असताना, लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं केली. ४४ वी येऊन ती परत पाच झाली १९७८ ला. कोण करतंय, कधी करतंय, त्या वेळी बोलायची मोकळीक आहे का, हे आधी बघायचं, मजकूर नंतर.

तलावपाळी

ऐरोली, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. मी शीर्षकात आणि लिखाणात घाईच केली. शीर्षक तसंच ठेवते कारण लोकांनी त्यावर उत्तरं दिलीत, पण यापुढे मी दुरुस्ती हाच शब्द वापरेन.

गंधाली_शिक्षिका

एक राष्ट्र एक निवडणूक यावर कोणी बोललंच नाही. मी ठाण्यात शिकवते. २० मे २०२४ ला लोकसभा, २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभा, १५ जानेवारी २०२६ ला महापालिका, तिन्हीला ड्युटी. त्याआधी ट्रेनिंग, मतदार याद्या, आदल्या दिवशी साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम. निवडणूक नको असं माझं अजिबात म्हणणं नाही, पण माझ्या वर्गातली मुलं अपूर्णांकात अडकली ती अडकलीच, तो धडा मी घाईत घेतला आणि मला त्याची बोच आहे. १९५१-५२ पासून १९६७ पर्यंत लोकसभा विधानसभा एकत्रच व्हायच्या ना, मग आता का नाही जमणार? माझा पाठिंबा आहे.

खारघर३५

गंधालीताई, तुमची अडचण खरी आहे पण ते बिल तुमची तिसरी ड्युटी वाचवत नाही. १७ डिसेंबर २०२४ ला लोकसभेत आलेलं १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक फक्त लोकसभा आणि विधानसभांचं आहे. माजी राष्ट्रपती कोविंद यांच्या समितीने महापालिका पंचायती शंभर दिवसांच्या आत घ्या म्हटलं होतं, ते या बिलात नाही. शिवाय विधानसभा मध्येच पडली तर नवी येणार ती उरलेल्या मुदतीपुरतीच, समजा दोन वर्षं राहिली असतील तर दोन वर्षांसाठी पूर्ण निवडणूक. मग ड्युट्या कमी होतील की वाढतील? आणि मांडतानाच मतविभागणी झाली ती २६९ विरुद्ध १९८, म्हणजे दोन तृतीयांश तिथेही नव्हते. संयुक्त समितीकडे गेलंय ते बरं झालं.

घणसोली_सातारा

आणि एक दुरुस्ती आमच्या वडिलांच्या डोळ्यादेखत झाली ती लिहायची राहिली. मुलुंडचा जकात नाका, ऐरोलीचा नाका, रात्रभर ट्रकची रांग असायची, ड्रायव्हर खाली बसून स्टोव्हवर चहा करायचे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि नाका गेला. ती १०१ वी दुरुस्ती, तिला निम्म्या राज्यांची मंजुरी घ्यावी लागलेली, जवळजवळ सगळ्या पक्षांनी मिळून केली. पटो न पटो, पण वर्षानुवर्षं चर्चा करून केली. त्यात महापालिकांचं हक्काचं उत्पन्न गेलं आणि भरपाईसाठी राज्याकडं बघत बसायची पाळी आली, ते पण तेवढंच खरं.

जुना_टेबलवाला

आता मी जे म्हणणार आहे त्यासाठी घटनेत एक अक्षर बदलायला नको. कलम २४३ यू काढून बघा. महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि पुढची निवडणूक ती मुदत संपायच्या आत पूर्ण झालीच पाहिजे, बरखास्त झाली तर सहा महिन्यांत. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या प्रकरणात हे बंधनकारक आहे असं स्पष्ट सांगितलंय. आता आपल्याकडचं बघा, नवी मुंबईची मुदत मे २०२० ला संपली, ठाण्याची मार्च २०२२ ला. मतदान जानेवारी २०२६. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षणाची केस, प्रभागरचना दोनदा तीनदा, शेवटी ६ मे २०२५ ला कोर्टाने चार महिन्यांत घ्या म्हटलं तेव्हा हललं, त्यालाही पुढे मुदतवाढ. कारणं खोटी नव्हती. पण पाच वर्षांची जी महापालिका निवडायची तिच्याशिवायच नवी मुंबईने साडेपाच वर्षं काढली.

त्या काळात काय होतं ते समजून घ्या. आयुक्त हेच प्रशासक, तेच महासभा, तेच स्थायी समिती. अंदाजपत्रक करायचं त्यांनी आणि मंजूर करायचं त्यांनी. माणूस कितीही सचोटीचा असो, विचारणारं सभागृहच नाही. तलावपाळी, तुम्ही ज्या पद्धतीची मागणी करताय, एक सक्षम माणूस, ठरावीक मुदत, मध्ये लुडबूड नाही, ती आपल्या शहरांत इतकी वर्षं चालूच होती असं म्हणायला हरकत नाही, फक्त तो माणूस आपण निवडलेला नव्हता. आमच्या सेक्टरमधले माजी नगरसेवक दिव्याच्या खांबाची तक्रार घेऊन स्वतः फिरायचे, भला माणूस, पण सही करायला पद नाही आणि प्रश्न विचारायला सभा नाही.

ऐरोली_से५

काका, हे छापून सोसायटीच्या बोर्डावर लावू का?

जुना_टेबलवाला

लावा की. कलम नंबर नीट लिहा, आणि पंचायतींसाठी २४३ ई आहे ते पण टाका, गावाकडचे लोक वाचतील.

घोडबंदर_रोड

मला एक कळलं नाही, मुदत संपून निवडणूक झाली नाही तर जबाबदार कोण, शिक्षा काय? कलमात आहे का काही?

खारघर३५

शिक्षा नाही. कोर्टात जायचं एवढंच. दुरुस्ती करायचीच तर मला तिथे करावीशी वाटते, मुदत संपल्यावर अमुक दिवसांत अधिसूचना निघालीच पाहिजे, प्रभागरचनेच्या वादात जुने प्रभाग धरून मतदान घ्यायचं, आणि राज्य निवडणूक आयोगाला त्यासाठी राज्य सरकारच्या तोंडाकडे बघावं लागू नये. आणि अपात्रतेच्या निर्णयाला अध्यक्षांवर ९० दिवसांची मुदत. या दोन गोष्टींसाठी कोणाची आई घाबरणार नाही.

तलावपाळी

काल रात्री बाबांना अख्खा धागा वाचून दाखवला, तीन कप चहा झाले. थेट राष्ट्रपतीची मागणी मी मागे घेते, घणसोलीच्या शेडने मला गप्प केलं. महापौर मात्र थेट निवडावा का हे माझ्या मनात अजून आहे, कारण तिथे कारभाराचे अधिकार मुळातच निवडून आलेल्याकडे नाहीत, त्यावर वेगळा धागा काढेन.

बाबा टेबलवाले काकांच्या तारांकित प्रश्नावरच अडकलेत. म्हणाले आपल्या आमदारांना पत्र लिही, मी सही करतो. मजकूर त्यांनीच सांगितला, जसाच्या तसा टाकतेय, काका, भाषा चुकली असेल तर सुधारून द्या:

महोदय, आमच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले. या दरम्यान विधानसभेची जेवढी अधिवेशने झाली त्यांत ही निवडणूक का होत नाही याबद्दल आपण तारांकित प्रश्न, लक्षवेधी किंवा अन्य मार्गाने विचारणा केली होती का, आणि केली असल्यास शासनाने काय उत्तर दिले, ते तारखांसह कळवावे. मी पन्नासहून अधिक वर्षे मतदान करतो.

जुना_टेबलवाला

भाषा उत्तम आहे. फक्त वर विषय आणि खाली पूर्ण पत्ता लिहा, हाती द्या आणि पोच घ्या.